आडवं दार

लकडगंजात तिसऱ्या गल्लीच्या टोकाला
मोडलेल्या घरांची दारं उभी असतात
भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या पोरांसारखी.
त्यातलं एक मी बाहेर काढायला लावलं.
फ्लश डोअर, अडीच बाय साडेसहा,
खालच्या अंगाला पाणी पिऊन फुगलेलं.
उकेंनी साडेचारशे सांगितले, साडेतीनशेला दिलं
आणि पैसे मोजता मोजता विचारलं,
"दार नेऊन राहिल्या मॅडम, चौकट नाही लागत का?"

एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते मी.
दुसऱ्याने काढलेल्या धरणावर
ट्रेसिंगचा कागद पसरायचा, चार कोपरे चिकटवायचे,
आणि त्याच्या रेघेवरून आपली शाई चालवायची.
सांडवा, कालवा, बुडणाऱ्या गावाची शीव.
श्वास रेघ संपल्यावर.
एकदा एका शिवेवरच शिंक आली,
ब्लेडने खरवडून, नखाने घोटून
कागद परत गुळगुळीत होईतो ऑफिसचे दिवे गेले होते.
तिथलं टेबल सागवानी होतं, माझ्याआधी निवृत्त झालं.
त्याच्या जागी संगणक आला, मग तो चालवायला एक पोरगा,
मग मला आवक-जावक दिलं.

ई-रिक्षात दार उभं धरून आले.
सेंट्रल एव्हेन्यूच्या सिग्नलला लोक वळून बघत होते:
घर नसलेलं दार, त्याला कवळून बसलेली बाई.
"काकू, घट्ट पकडा," रिक्षावाला म्हणाला,
"हवेनं उघडलं तर कुठी जाल तुमी?"

पायांचं आधीच ठरलं होतं.
गच्चीवर कूलरचा लोखंडी स्टँड
दिवाळीपासून रिकामा, आत शेजारची मांजर.
गंज घासला, गेटचा उरलेला काळा रंग फासला.
दाराचा फुगलेला भाग प्रज्योतने कापला
तर आत कसलं कसलं लाकूड भरलेलं निघालं,
एक फळी चक्क संत्र्याच्या पेटीची,
तिच्यावर निळ्या शाईत कुणाचं तरी अर्धं नाव.
बिजागऱ्या दोन, चाळीस रुपये.
टेकूच्या पट्टीत तीन खाचा:
बारा अंश, वीस अंश,
आणि तिसरी करवतीने आपल्या मनाने घेतली,
तिचा कोन मी अजून मोजलेला नाही.
लॅचचं भोक बुजवलं नाही. खालून डबीचं झाकण ठोकलं,
त्यात शाईची बाटली बसते. उतारावर कलते, पडत नाही.
सगळे मिळून पाचशे ऐंशी. खालच्या बाजूला लिहून ठेवलेत,
हिशेब मागणारं आता कुणी नाही तरी.

मग कागद लावला. चार कोपरे.
पेन हातात घेतलं आणि हात थांबूनच राहिला.
खाली काही नव्हतं.
कागदाखाली दार, दाराखाली मांजर,
मांजरीखाली फरशी, पण रेघ कुठंच नव्हती.
ज्या दारातून कुणीतरी इतकी वर्षं आत-बाहेर केलं
त्याच्यावर मी बोटाने टकटक केली.
वेड्यासारखी. दोनदा.

पहिली रेघ वाकडी आली, मध्येच जाड झाली.
ब्लेड कुठल्या डब्यात आहे ते मला ठाऊक होतं.
उठले नाही.

एप्रिलात पारा चव्वेचाळीसवर गेला तेव्हा
प्रज्योत दारात येऊन उभा, घामाने निथळत.
"मावशी, कूलर काढतो. स्टँड?"
मी सांडव्याच्या पायऱ्या काढत होते,
असा सांडवा कुठल्याच नदीवर नाही.
"विटा आण," म्हटलं, "आठ आण. नाहीतर दहाच आण,
उके देतील तिथूनच."
तो गेला. कागदाचा एक कोपरा सुटला होता,
तो मी कोपराने दाबून धरला
आणि दुसऱ्या हाताने पुढची पायरी घेतली.